हिरवा कण नाही, तरी मधमाशी येते

दुबईतल्या अल वरसान भागात इंटरनॅशनल सिटी आहे. चीन, स्पेन, रशिया, मोरोक्को अशा देशांची नावं मिरवणाऱ्या इमारतींच्या रांगा जिथे संपतात, तिथे रेती सुरू होते. थंडीत बरा पाऊस झाला, तर दुबई परिसरातल्या अशाच रेताड, खारट जमिनीतून जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान एक पिवळाजर्द तुरा थेट वर येतो. पानं नाहीत, फांद्या नाहीत. मक्याच्या कणसासारखा जाडजूड दांडा आणि त्यावर दाटीने बसलेली नळीदार फुलं. उंची अर्धा मीटर, कधी मीटरभर.

स्थानिक अरब याला धानून म्हणतात. शास्त्रीय नाव सिस्टान्ची ट्युब्युलोजा. कच्छ आणि राजस्थानच्या वाळवंटातही हे फूल उगवतं.

गेल्या लेखांकात हरम या मांसल पानांच्या झुडपाची ओळख झाली. धानून त्याच्याच मुळांवर पोसतो. त्याच्यात हरितद्रव्य नाही, त्यामुळे स्वतःचं अन्न त्याला बनवता येत नाही. धुळीएवढं बी वाळूत निपचित पडून राहतं. यजमान झाडाच्या मुळांतून पाझरणारी रसायनं जवळ आली की मगच ते रुजतं, मुळाला चिकटतं आणि पाणी, साखर, क्षार सगळं तिथूनच ओढतं. निपाणीकडच्या तंबाखू उत्पादकाला ही रीत चांगलीच ठाऊक आहे. तंबाखूच्या मुळांवर वाढणारा बंबाखू याच कुळातला. बी धरण्याआधी तो उपटला नाही, तर पुढची कित्येक वर्षं तो रान सोडत नाही.

पण एक गोष्ट यजमानाकडून मिळत नाही: दुसऱ्या धानूनचे पराग.

त्यासाठी एवढा पिवळा खर्च. फुलाच्या नळीच्या तळाशी मध असतो आणि वरच्या बाजूला लवदार परागकोश. मध प्यायला माशी आत शिरते तेव्हा तिची पाठ परागकोशांना घासते. तुरा खालून वर फुलत जातो आणि मधमाशाही सहसा खालच्या फुलापासून वर चढतात. शेंड्याला पोचल्या की पराग घेऊन पुढच्या तुऱ्याकडे उडतात. फुलण्याची वेळही महत्त्वाची. अमिरातीतल्या मधपाळांचे दोन मोठे हंगाम म्हणजे शरदात सिद्र, म्हणजे बोर, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर समर, म्हणजे बाभळीचा एक भाऊबंद. वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पावसाच्या या मुलखात मधल्या महिन्यांत फुलणारी प्रत्येक वनस्पती रानमाश्यांसाठी मोलाची आहे.

इंटरनॅशनल सिटीला लागूनच ड्रॅगन मार्ट हा चिनी मालाचा भलामोठा बाजार आहे. खुद्द चीनमध्ये या वनस्पतीचा जमिनीखालचा दांडा औषधात वापरतात, आणि शिनजियांगच्या वाळवंटाकाठी झाऊची झुडपं लावून त्यांच्या मुळांवर तिची मुद्दाम शेती केली जाते. तिची सख्खी बहीण सिस्टान्ची डेझर्टिकोला मात्र रानातून इतकी खणली गेली, की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आलं.

धानूनला खरा धोका सपाटीकरणाचा आहे. बुलडोझरने हरमची झुडपं उखडली की खालचा पाहुणाही संपतो, मग वर माश्या कितीही असोत. त्यामुळे नुसता पिवळा तुरा जपून भागत नाही. भोवतालचं मळकट, दुर्लक्षित झुडूपही राखावं लागतं.

पुढच्या लेखांकात: रुईचं फूल आणि त्यात पाय अडकवून घेणारा काळा भुंगा.