सागवान दारचे, फर्निचर दूरचे!

नागपूर, प्रतिनिधी

अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून सागवान रवाना झाले, तेव्हा विदर्भाची मान उंचावली. मात्र, त्याच विदर्भात नवे घर सजविताना ग्राहकाची पावले मलेशिया, चीनमधून आलेल्या पलंग-कपाटांकडे वळतात. मिहानसारखा प्रकल्प शहराला लागून असताना हे चित्र का बदलत नाही, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

स्वस्ताईचे रहस्य

मलेशियातील बरेचसे फर्निचर रबराच्या लाकडाचे असते. चीक आटलेली झाडे तोडावीच लागत असल्याने हे लाकूड स्वस्त पडते. लाकडाचा भुसा व तुकडे दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डचाही सर्रास वापर होतो. शिवाय, सुटे भाग सपाट खोक्यांत भरल्याने एका कंटेनरमध्ये अधिक माल मावतो. याउलट सागवान तयार व्हायला कित्येक दशके लागतात, ते लिलावात चढ्या भावाने विकले जाते आणि लकडगंजसारख्या बाजारातील छोट्या कारागिराला एकेक नग हाताने घडवावा लागतो.

शुल्काचा पेच

केंद्र सरकारने २०२० च्या अर्थसंकल्पात फर्निचरवरील आयात शुल्क २० वरून २५ टक्के केले होते. परंतु आसियान देशांशी झालेला मुक्त व्यापार करार २०१० पासून लागू असल्याने मलेशियाच्या मालाला शुल्कात सवलत मिळते. दुसरीकडे, मिहानमधील विशेष आर्थिक क्षेत्र अर्थात 'सेझ' मुख्यतः निर्यातीसाठी आहे. २००५ च्या सेझ कायद्यातील कलम ३० नुसार तेथील माल देशात विकल्यास तो आयात समजून सीमाशुल्क आकारले जाते. म्हणजे गडचिरोलीच्या सागाची खुर्ची सेझमध्ये घडवून सीताबर्डीत विकली, तर कायद्याच्या लेखी ती परदेशी ठरते. मलेशियाच्या खुर्चीला मिळणारी सवलतही तिच्या वाट्याला येत नाही!

दर्जाची कसोटी

केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये खुर्च्या, टेबल, कपाटे व पलंगांसाठी भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र बंधनकारक करणारा आदेश काढला. निकृष्ट आयातीला आळा घालणे हा त्यामागील एक हेतू. मात्र, चाचणीचा खर्च मोठ्या आयातदारापेक्षा चार सुतारांच्या कारखान्याला अधिक जड जातो.

स्थानिक उत्पादकांपुढे म्हणूनच दोन मार्ग उरतात. निर्यात करायची असेल तर सेझ, आणि नागपूरकर ग्राहक हवा असेल तर सेझबाहेरील जागा. सामायिक यंत्रसामग्री व चाचणी केंद्र उभे राहिले, तर दुसरा मार्ग लकडगंजच्या कारागिरालाही परवडू शकेल.