टँक लगेच आत, मेज वेटिंगवर

आज थेट विषयावर येतो, कारण मेसेजमध्ये एकच तक्रार सारखी येतेय: "दादा, गेम भारी आहे, पण ग्रुपच मिळत नाही." यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. कॅरेक्टर कुठलं घेतलंयस?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये सुरुवातीलाच क्लास निवडायचा असतो. वॉरियर, प्रीस्ट, मेज, हंटर वगैरे. आपण निवडतो दिसण्यावरून. पण त्याच वेळी तुमचं वेटिंगही ठरून जातं, आणि हे त्या स्क्रीनवर कुठेही लिहिलेलं नसतं. तारापूर एमआयडीसीतून शिफ्ट करून सालवडला घरी आलात, जेवलात, आणि हातात उरला दीड तास. त्यातला पाऊण तास रांगेत गेला तर खेळणार कधी?

आता हे होतं कसं ते बघू. अशा गेममधल्या डंजनमध्ये मुख्य कामं तीन. टँक म्हणजे राक्षसाचा मार स्वतःच्या अंगावर घेणारा. हीलर म्हणजे सगळ्यांना जिवंत ठेवणारा. आणि डीपीएस म्हणजे मारणारे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पाच जणांत एक टँक, एक हीलर, तीन डीपीएस लागतात. फायनल फँटसी १४ मध्ये चौघांत एक, एक, दोन.

समजा वॉरक्राफ्टच्या रांगेत १०० जण आहेत: १० टँक, १५ हीलर, ७५ डीपीएस. ग्रुप बनणार फक्त १०, कारण टँक तेवढेच. आत गेले ५० जण, बाहेर राहिले ४५ डीपीएस आणि ५ हीलर. आणखी ५० डीपीएस आले तरी ग्रुप १०च. पण एक टँक वाढला की त्याच्यामागून चार जण आत जातात. तारपा नाच पाहिलाय ना? साखळी धरून नाचायला पन्नास जण उभे असतात, पण तारपा वाजवणारा आला नसेल तर सगळेच थांबतात. अगदी तसंच.

मग लोक टँक का होत नाहीत? माझ्या मते खरं कारण भीती. डीपीएसवाला चुकला तर बॉस थोडा उशिरा मरतो, कोणाला कळतही नाही. टँक चुकला की पाचही जण आडवे, आणि शिव्या एकट्याला. गल्ली क्रिकेटमध्ये कीपिंगला कोणी हात वर करत नाही, त्यातलाच प्रकार.

कंपन्यांना हे चांगलंच माहीत आहे. वॉरक्राफ्टमध्ये डिसेंबर २००९ला डंजन फाइंडर आला, म्हणजे ग्रुप आपोआप जुळायला लागले. पण सॉफ्टवेअर जोड्या लावू शकतं, टँक जन्माला घालू शकत नाही! म्हणून एप्रिल २०११मध्ये 'कॉल टू आर्म्स' आणलं: ज्या रोलची टंचाई, त्याला जादा बक्षीस. नाइट शिफ्टला माणसं मिळेनात की अलाउन्स देतात ना, तेच.

आतापर्यंत बोललो ते आपोआप लागणाऱ्या रांगेबद्दल. वॉरक्राफ्टच्या अवघड मिथिक प्लस डंजनमध्ये अशी रांगच नाही. तिथे ग्रुपचा लीडर अर्ज बघून माणसं घेतो, आणि इथे रोलबरोबर क्लासही बघितला जातो. शामन किंवा मेज असेल तर सगळ्या ग्रुपचा वेग थोडा वेळ वाढवता येतो. ड्रुइड असेल तर लढाई चालू असताना मेलेल्याला उठवता येतं. यातलं काहीच नसलेला रोग, कितीही चांगला खेळत असला तरी, यादीत खाली जातो. हे मला अन्यायाचं वाटतं, पण लीडरकडे अनोळखी माणसाला पारखायला दुसरं असतंच किती!

एक वाट आहे: अनेक रोल करू शकणारा क्लास घ्यायचा. ड्रुइड आणि पॅलाडिन टँक, हीलर, डीपीएस तिन्ही होतात. मेज आणि रोग फक्त डीपीएस. फक्त एवढं लक्षात ठेवा, की ज्याला सगळं येतं त्याच्या गळ्यात नको असलेलं काम पडतं. वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात मोठ्या रेडमध्ये पॅलाडिन म्हटलं की हीलिंगच करायला लावायचे.

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी अल्बियन ऑनलाइन बघा. तिथे क्लासच नाही, हातात जे शस्त्र ते तुमचं काम. होली स्टाफ घेतला की हीलर. पण प्रत्येक शस्त्र वेगळं वाढवावं लागतं, म्हणून निदान एक हीलरचा किंवा टँकचा सेट तयार ठेवा.

आणि ज्यांना मेजच खेळायचाय त्यांनी अर्ज करत बसू नका. ग्रुप स्वतः काढा. लीडरला कोणी नाकारत नाही. आधी टँक पकडा, मग हीलर. ते दोघं आले की डीपीएसचे अर्ज आपोआप येतात.