आणेवारी ते ई-पीक पाहणी : गेवराईच्या शेतआकड्यांचा मागोवा

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात शेतीचा हिशेब सरकारदरबारी पिढ्यान्‌पिढ्या ठेवला जात आहे. परंतु तो हिशेब शिवारातून चावडीकडे आणि चावडीतून तहसील कचेरीकडे जितक्या नेमाने गेला, तितक्या नेमाने तो शेतकऱ्याच्या उपयोगासाठी परत आला नाही, हे गेल्या पाऊणशे वर्षांचा मागोवा घेताना प्रथम ध्यानात येते. निजामी अमलात आकडा हवा होता तो मुख्यतः महसुलासाठी. सप्टेंबर 1948 मध्ये ती राजवट संपली, तरी सोळा आणे पीक कल्पून नजरअंदाजाने ठरविलेली आणेवारीच, पुढे पैसेवारी हे नाव धारण करून, टंचाई आणि शेतसाऱ्यातील सूट-तहकुबी यांचा निर्णय करीत राहिली. 50 पैशांच्या आत आलेले गाव टंचाईग्रस्त, बाहेर राहिलेले सुस्थितीतले!

या अंदाजाला शास्त्राची बैठक देण्याचे श्रेय साताऱ्याकडच्या बुध गावी जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याकडे आणि त्यांचे सहकारी पानसे यांच्याकडे बऱ्याच अंशी जाते. यदृच्छेने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेथील पीक कापावे, मळावे व तोलावे, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धती 1940 नंतरच्या दशकात त्यांनी रुजविली. आणि पीकविम्याची भरपाई आजही मुख्यतः याच प्रयोगांच्या आधारे ठरते.

तथापि जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून माजलगावकडे गेला, भिजणाऱ्या रानात ऊस आला, गढीला साखर कारखाना उभा राहिला, आणि वरच्या बरड जमिनी मात्र कापूस, बाजरी व तूर यांवरच विसंबून राहिल्या, तेव्हा या दोन भिन्न प्रकृतींच्या शेतीची जी एकच सरासरी कागदावर मांडली गेली, ती दोहोंपैकी एकीचीही खरी नव्हती. 2002 नंतर बीटी वाणाने कपाशीचा विस्तार झाला. तिचे क्षेत्र पेरपत्रकात नोंदले जाई, पण 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यभर केलेल्या नासाडीची पूर्वसूचना त्या पत्रकातून मिळणे शक्यच नव्हते.

अलीकडच्या दशकात साधने पालटली. महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे आली. 2020 मध्ये विमा कंपन्यांनी पाठ फिरविलेल्या बीड जिल्ह्यात विमा कंपनीचा नफा आणि तोटा या दोहोंना मर्यादा घालणारा ‘बीड पॅटर्न’ जन्मला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीमुळे सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आली. परंतु खरीप 2023 पासून 1 रुपयात मिळू लागलेला पीकविमा बोगस अर्जांच्या तक्रारींनंतर 2025 मध्ये बंद करावा लागला, यावरून खोटी नोंद खऱ्या शेतकऱ्याच्याच मुळावर येते, हेही सिद्ध झाले.

आता धोरणकर्त्यांस विनंती इतकीच की, मादळमोहीत कपाशी किती आणि तलवाड्यात तूर किती, हे पीक उभे असतानाच कळत असेल, तर खरेदी केंद्र, गोदाम आणि जिनिंग यांवरील भांडवल कोठे घालावयाचे हे त्यावरून ठरवावे, आणि तोच आकडा मंडळनिहाय ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा; कारण ज्याने तो नोंदविला, त्याचा त्यावर पहिला हक्क आहे.