इंजेक्शन गेलं, ताकद वाढली

आकुर्डीच्या बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० ही मोटरसायकल आणली ती फ्युएल इंजेक्शनसह. २००९ च्या गाडीत मात्र इंजेक्शन जाऊन कार्ब्युरेटर आला. तंत्र एक पायरी मागे गेलं. तरीही ताकद सुमारे २० वरून २१ अश्वशक्तीवर गेली आणि किंमत उतरली!

कार्ब्युरेटरचं काम साधं असतं. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढलं जातं. छिद्राचं माप ठरलेलं. रत्नागिरीत, समुद्रसपाटीला, जुळणी नेमकी केली की पुरे. पण तीच गाडी आंबा घाट चढून कोल्हापूरकडे नेली, की सहाशे मीटरवर हवा साधारण सहा टक्के विरळ होते. पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण किंचित वाढतं. इंजेक्शनमध्ये सेन्सर हवेचा अंदाज घेतात आणि संगणक पेट्रोलची मात्रा बदलतो. एवढ्याशा घाटात हा फरक हाताला क्वचितच जाणवेल. लडाखची गोष्ट वेगळी.

मग वाढलेली अश्वशक्ती? ती जुळणीची करामत; इंजेक्शनमध्ये मुळात काही उणं नाही. माझं मत विचाराल, तर गावच्या मेकॅनिकला पाना आणि स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येणारी २००९ ची गाडी कोकणाला अधिक सोयीची. २०२० मध्ये बीएस-६ च्या कडक प्रदूषण नियमांमुळे २२० वर इंजेक्शन परत आलंच.