दशांश चिन्हापुढचे अंक : महाळुंगे ते माइनक्राफ्ट

महाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या आणि २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा. शंभर मीटरची शर्यत सेकंदाच्या शंभराव्या भागावर जिंकली-हरली जाते. तेवढ्या वेळात धावपटू साधारण दहा सेंटिमीटर पुढे जातो. उद्या शेजारच्या हिंजवडीतल्या कुणी या मैदानाचा व्हिडिओ गेम करायला घेतला आणि धावपटूंच्या जागा अक्षांश-रेखांशांत, नेहमीच्या ३२ बिटांच्या 'फ्लोट'मध्ये साठवल्या, तर ते दहा सेंटिमीटर त्यात टिकतील का?

टिकणार नाहीत. आयईईई ७५४ हे १९८५ चे मानक फ्लोटला अंकांसाठी २४ बिटे देते. दशमान पद्धतीत ते जेमतेम सात अंक भरतात. आकडा लहान असो वा मोठा, वाट्याला सातच. दशांश चिन्हाच्या डावीकडे जास्त खर्च झाले की उजवीकडे तेवढे कमी उरतात. महाळुंग्याचा रेखांश सुमारे ७३.७५. या आकड्याजवळ फ्लोटची पायरी, म्हणजे त्यात साठवता येणाऱ्या लागोपाठच्या दोन आकड्यांतले अंतर, ०.०००००७६ अंशाची असते, आणि इथे एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. हिशेब केला की पायरी ८० सेंटिमीटरची निघते! अक्षांश १८.५७ च्या आसपास, म्हणून उत्तर-दक्षिण पायरी २१ सेंटिमीटरची. एकाच मैदानावर एका दिशेची अचूकता दुसरीच्या जवळपास चौपट. धावपट्टीची एक मार्गिका १.२२ मीटर रुंद असते, हे ध्यानात घेतले की ८० सेंटिमीटरची उडी केवढी, ते कळते.

गेमची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना हा प्रश्न रोजचा आहे. 'जीटीए : सॅन अँड्रियास'च्या 'सॅम्प' या मल्टिप्लेअर रूपात स्क्रिप्ट पॉन भाषेत लिहितात. तिच्या नमुना फाइलमध्ये खेळाडू उतरण्याची जागा अशी दिलेली असते : १९५८.३७८३, १३४३.१५७२, १५.३७४६. दशांशानंतर चारच अंक का? १०२४ ते २०४८ या टप्प्यात फ्लोटची पायरी ०.०००१२ असते, म्हणजे पाचवा-सहावा अंक लिहिला तरी तो साठवला जात नाही. २०४८ ओलांडले की पायरी दुप्पट होते. म्हणूनच जाणकार स्क्रिप्टकार दोन जागा तंतोतंत सारख्या आहेत का, हे तपासत बसत नाहीत; खेळाडू ठरावीक अंतराच्या आत आला का, एवढेच पाहतात.

जग जितके मोठे, तितका हा त्रास वाढतो. १,६७,७७,२१६ या आकड्यात फ्लोटमध्ये एक मिळवला तर उत्तर तेच राहते. खेळाडू चालतो आणि जागचा हलत नाही. माइनक्राफ्टच्या जुन्या आवृत्त्यांत १,२५,५०,८२१ व्या ठोकळ्यापाशी जमीन विस्कटायची. त्या 'फार लँड्स'मागचे कारण पूर्णांकांच्या मर्यादेचे होते. तिथवर जाताना जाणवणारी थरथर मात्र फ्लोटची. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या गेममध्ये मूळबिंदूपासून, म्हणजे शून्यापासून, दूर गेलेली याने आपोआप मोडायची. खेळाडूंनी त्या संकटाला 'क्राकेन' हे समुद्रराक्षसाचे नाव दिले. उपाय असा निघाला की यान शून्यापाशी ठेवायचे आणि विश्व त्याच्याभोवती सरकवायचे. २०२२ च्या अनरिअल इंजिन ५ या गेम इंजिनने दुसरा मार्ग धरला, जागेसाठी ६४ बिटांचा 'डबल'. त्यात महाळुंग्याच्या रेखांशाची पायरी दीड नॅनोमीटरवर येते. पण डबलला दुप्पट स्मृती लागते, आणि ग्राफिक्स कार्डाचे बहुतेक काम आजही फ्लोटमध्येच चालते.

मूळबिंदूचे महत्त्व भूमापकांना फार आधीपासून ठाऊक आहे. १८०२ मध्ये मद्रासेतून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टांच्या मापनातून मध्य भारतातले कल्याणपूर देशाच्या नकाशांचा मूळबिंदू ठरले. आज शेताच्या मोजणीत उपग्रहांच्या आधारे जागा ठरवणारा रोव्हर आला आहे आणि तो सेंटिमीटरपर्यंत नेमका आकडा देतो. मात्र जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या यूटीएम या नकाशा-पद्धतीत महाळुंग्याचा उत्तर-निर्देशांक साडेवीस लाख मीटरच्या घरात जातो, आणि तिथे फ्लोटची पायरी साडेबारा सेंटिमीटरची. शेतात कष्टाने मिळवलेली अचूकता एका चुकीच्या चलप्रकाराने वाया जाते.

यावर खर्चिक इलाज लागत नाही. क्रीडानगरीच्या मैदानाच्या मध्यावर शून्य मांडा आणि मीटरमध्ये मोजा. ४०० मीटरवरही त्याच ३२ बिटांत पायरी ०.०३ मिलिमीटरची राहते. ८० सेंटिमीटरवरून इथवर यायला एक वजाबाकी पुरते. फक्त ती डबलमध्ये, फ्लोटमध्ये टाकण्याआधी करायची.

पुण्यात युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे, आणि पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा गेम बाजारात आणला. आपले गड, घाट, गावठाणे गेममध्ये उतरवण्याची ताकद इथल्या मुलांत नक्की आहे. त्यांना एकच सांगणे : दशांशापुढचे अंक वाढवण्याआधी शून्य कुठे ठेवले आहे ते तपासा.