पित्ताशयाची चिनी मातीची बरणी



कारखान्यात रसाला चुन्याची निवळी देतात. पुढे रस आटवताना नळ्यांना आतून कठीण थर धरतो आणि तो घासून काढावा लागतो, हे हंगामात येऊन पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. माणसाच्या पोटातल्या एका पिशवीतही कॅल्शियमचा थर बसू शकतो. तो घासून मात्र निघत नाही.

ही पिशवी म्हणजे पित्ताशय. ती उजव्या बरगडीआड, यकृताखाली असते आणि तिच्यात पित्तरस साठतो. आपण "पित्त झालं" म्हणतो ते बहुधा जठरातलं आम्ल, ते निराळं. पित्ताशयात खडे राहून वर्षानुवर्षे सूज येत गेली, की क्वचित त्याच्या भिंतीत कॅल्शियम साचते. भिंत निळसर, कडक, ठिसूळ होते, लोणच्याच्या बरणीसारखी. डॉक्टरही याला चिनी मातीचे, म्हणजे पोर्सेलिन पित्ताशयच म्हणतात. स्त्रियांत हे अधिक, बहुधा पन्नाशीनंतर. खर्र्यातला चुना तिथं जाऊन बसतो असे कोणी सांगितले तर मानू नका. खर्रा सोडायला तोंडाचा कॅन्सर हे कारण पुरेसे आहे.

पुष्कळांना काहीच त्रास नसतो. कंबरेसाठी एक्स-रे काढला आणि उजवीकडे अंड्याच्या टरफलासारखी वाकडी पांढरी रेघ दिसली, असे होते. थर पातळ असला तर एक्स-रेत तो येतही नाही.

सोनोग्राफीत भिंतीची चकाकती कमान दिसते आणि तिच्यामागे काळी सावली. खरी गोम इथे आहे. पिशवी खड्यांनी गच्च भरलेली असली तरी चित्र असेच दिसते. फरक एवढाच की तेव्हा भिंतीची रेघ व खड्यांची रेघ निरनिराळी, मध्ये बारीक काळी फट. भिंतीत वायू झाला असेल तर सावली मळकट दिसते. तो रोगी बहुधा अतिशय आजारी असतो, त्याला लगेच दवाखान्यात ठेवावे लागते. जेवल्यावर पित्ताशय आकसते, म्हणून या तपासणीला सहा ते आठ तास उपाशी जावे. चहासुद्धा नको.

शंका उरली तर सीटी स्कॅन. थर अखंड आहे की तुटक, शेजारी गाठ आहे काय, हे त्यात सर्वांत स्वच्छ कळते.

एवढी चौकशी कॅन्सरसाठी. जुन्या काळी हा धोका फार मोठा मानत आणि पिशवी सरसकट काढत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुटक थराच्या २७ रोग्यांपैकी दोघांना कॅन्सर निघाला, अखंड थराच्या १७ पैकी एकालाही नाही. आकडे लहान आहेत, त्यामुळे निर्धास्त राहू नये आणि घाबरूनही जाऊ नये. शस्त्रक्रिया करायची की नजर ठेवायची, हे वय, प्रकृती व त्रास पाहून सर्जनने ठरवायचे.

आम्हाला काळजी वाटते ती घरातल्या बायांची. "रोवणी होऊ द्या, मग पाहू" म्हणत त्या दुखणे अंगावर काढतात. डोळे पिवळे झाले, ताप आला, वजन उतरू लागले, तर रोवणी थांबेल. दवाखाना थांबवू नये. आणि जुन्या फिल्मा छपराच्या वाशात खोचून ठेवू नका. नागपूरला जाताना सोबत न्या. रेघ जुनी की नवी, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.