पंचवीस वर्षांच्या केराचे गणित

गावाने पुढील पंचवीस वर्षांच्या पाणीपुरवठ्याची आखणी आज करावी, हे आपल्याला सहज पटते. परंतु पुढील पंचवीस वर्षांचा केरकचराही आजच मोजावा लागतो, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. केंद्र शासनाच्या २०१६ सालच्या घनकचरा नियमांत, कचरा पुरण्याची जागा किमान २० ते २५ वर्षे पुरेल एवढी असावी, असे म्हटले होते. एवढी जागा कशी काढतात आणि एकदा केलेली योजना पुन्हा पुन्हा का तपासावी लागते, हे आपण शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडचे उदाहरण घेऊन पाहू.

२०११ च्या जनगणनेत कुरुंदवाडची लोकसंख्या सुमारे २२ हजार होती. लहान शहरांत माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा निघतो, असे सर्वसाधारणपणे धरतात. आपण २५० ग्रॅम धरू. म्हणजे गावाचा रोजचा कचरा साडेपाच टन आणि वर्षाचा सुमारे २,००० टन झाला. दाबून रचलेला एक घनमीटर कचरा ५०० किलो भरतो असे मानले, तर वर्षाला ४,००० घनमीटर जागा हवी.

आता २५ वर्षांसाठी याला २५ ने गुणायचे काय? नाही. माणसे वाढतात आणि माणशी कचराही वाढतो. दोन्ही मिळून वाढ दरसाल २ टक्के धरली, तर चक्रवाढीच्या नियमाने २५ ऐवजी ३२ ने गुणावे लागते. उत्तर येते १,२८,००० घनमीटर. पाच मीटर उंचीचा ढीग केला, तर त्याला सुमारे सव्वासहा एकर जमीन लागेल.

वाढ २ ऐवजी ३ टक्के निघाली तर? मग ३२ च्या जागी साडेछत्तीस येतात. म्हणजे आजच्या मानाने जवळजवळ साडेचार वर्षांचा कचरा जास्त! गंमत अशी, की हा फरक सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही. पाच वर्षांनंतर एका हिशेबाने रोज ६.१ टन कचरा निघेल, तर दुसऱ्याने ६.४ टन. तीनशे किलोंचा हा फरक घंटागाडीकडे पाहून कोणाला कळणार? तो वजनकाट्यावरच कळतो. उसाच्या गाड्या जशा काट्यावरून जातात, तशा कचऱ्याच्या गाड्याही गेल्या पाहिजेत. दर पाच वर्षांनी योजनेतील आकडे खऱ्या वजनांशी ताडून सुधारायचे, ते याचसाठी. शिवाय २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे जुन्या आकड्यांवर विसंबणे अधिकच धोक्याचे आहे.

कुरुंदवाडला आणखी एक अडचण आहे. गाव कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली या तालुक्याने मोठे पूर पाहिले. गेल्या शंभर वर्षांत जेथवर पुराचे पाणी आल्याची नोंद आहे, त्या क्षेत्रात कचरा पुरू नये, असे वर सांगितलेले नियम म्हणत होते. त्यामागचे कारण साधे आहे. पॉलिथिनची घनता पाण्यापेक्षा कमी असते, म्हणून पिशव्या तरंगत वाहून जातात. आणि ढिगातील विद्राव्य घाण पाण्यात मिसळून नदीत उतरते. तेच पाणी खालच्या गावांना प्यावे लागते. नवा पूर जुन्या खुणेच्या वर गेला, की काल चालणारी जागा आज बाद होते. मग योजनेचा नकाशाही बदलावा लागतो.

म्हणजे जागा थोडी आणि कचरा वाढता. मार्ग कोणता? आपल्याकडील कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. त्याला हवा व ओलावा मिळाला, तर सूक्ष्मजीव त्याचे खत करतात. या क्रियेत ढिगाचे तापमान ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत चढते. हवा न मिळता तोच कचरा दडपून राहिला, तर मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. निम्म्याचे खत झाले आणि कागद, धातू, प्लॅस्टिक मिळून आणखी पाचवा हिस्सा भंगारात गेला, तर पुरण्यासाठी ३० टक्केच उरतो. मग सव्वासहा एकरांऐवजी दोन एकरांहून कमी जमीन पुरेल! मात्र ही विभागणी घरातच झाली पाहिजे. एकदा काचा आणि पिशव्या भाजीच्या देठांत मिसळल्या, की ते खत शेतकरी शेतात घालणार नाही.

आता एक प्रयोग करा. घरचा ओला आणि सुका केर सात दिवस ताणकाट्याने वेगवेगळा तोला. बेरजेला सातने आणि घरातील माणसांच्या संख्येने भागा. वर्गातील सर्वांच्या उत्तरांची सरासरी काढा आणि ती आपण धरलेल्या २५० ग्रॅमशी ताडून पाहा. दुकाने, बाजार आणि रस्ते यांचा कचरा त्यात नसल्यामुळे तुमचा आकडा थोडा कमी येईल. दरवर्षी त्याच महिन्यात शाळेने हा प्रयोग केला, तर पाच वर्षांत वाढीचा खरा दर तुमच्या वहीत असेल. नगरपरिषदेला योजना सुधारताना नेमका तोच आकडा हवा असतो.